एक आयमॅक, दोन कामं आणि महिन्याचे ३९० रुपये: सोलापुरातल्या एका डिझाइन स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, एका जुन्या घराच्या माडीवर हा स्टुडिओ चालतो. चादरी आणि टेरी टॉवेलची डिझाइनं करून द्यायची, हे मूळ काम. माणसं दोनच: अण्णा आणि त्यांची धाकटी मुलगी. ओळख लपावी म्हणून नावं दिलेली नाहीत आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मी त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरचं वार्षिक कराराने बघतो. म्हणजे या प्रकरणात मी नुसता साक्षीदार नाही. यातले दोन सल्ले माझे होते आणि ते चुकले. ते पुढे येईलच.

अण्णांनी सुरुवात केली ती चौकटीच्या कागदावर. एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून पंचकार्डं पाडायची, ती दोऱ्याने ओवून जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, चढवायची. आता कार्डं गेली, इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं. हिशेब मात्र तोच आहे. पडद्यावरचं एक आडवं टिंब म्हणजे एक हुक (उभे धागे उचलणारा), एक उभं टिंब म्हणजे एक पिक (आडव्या धाग्याची एक फेरी). २६८८ हुकांचं मशीन असेल तर डिझाइन बरोबर २६८८ टिंबं रुंद. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर ते टॉवेलवर दर रिपीटला, म्हणजे नक्षी पुन्हा सुरू होते तिथे दरवेळी, दिसतं. हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि यूएसबीला त्याचं डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही.

दुसरं काम मुलीने वाढवलं: लेबल, पॅकिंगचे खोके, कॅटलॉग, नमुन्यांचे फोटो. ही सगळी मॅकवरची कामं.

२०१७ मध्ये, जीएसटी लागला त्याच वर्षी, त्यांनी दीड लाखाच्या घरातला २७ इंची आयमॅक घेतला, म्हणजे पडदा आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात असलेला ॲपलचा मॅक. तेव्हा मॅकमध्ये इंटेलचा प्रोसेसर असे, त्यामुळे बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने त्याच यंत्रावर विंडोज टाकता येत होतं. सुरू करताना ऑप्शन बटण दाबायचं आणि कुठलं हवं ते निवडायचं. सकाळी एकपर्यंत अण्णांचं विंडोज, जेवणानंतर मुलीचं मॅक. एकाच चुलीवर आधी भाकरी आणि मग आमटी, असा आठ वर्षांचा सुखाचा संसार. २०१९ मध्ये मी मागचं झाकण उघडून ८ जीबीच्या दोन पट्ट्या रॅम वाढवली, वीस मिनिटांत. ते वीस मिनिटांचं सुख आमच्या सगळ्यांच्या डोक्यात फार खोल रुतून बसलं.

अडचण

मे २०२५ चा उत्तरार्ध. अवकाळीचे ढग, दिवसातून चारपाचदा वीज ये-जा. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती. लाइट गेली की यंत्र पण जाई, आली की पुन्हा चालू. आत होती फ्यूजन ड्राइव्ह, म्हणजे फिरती हार्ड डिस्क आणि जोडीला ३२ जीबीचा छोटासा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क). आठ उन्हाळे सोसलेली ती डिस्क एका दुपारी टकटक करायला लागली. संध्याकाळपर्यंत मॅक चालू व्हायला अर्धा तास लागू लागला. विंडोज तर सुरूच होईना.

मुलगी निवांत होती. "दादा, टाइम मशीनला सगळं आहे." टाइम मशीन म्हणजे मॅकची स्वतःची बॅकअपची सोय. त्यात होतं, पण तिच्या बाजूचं. टाइम मशीन बूट कॅम्पच्या विंडोजला हात लावत नाही. अण्णांच्या बाजूचा बॅकअप कुठेच नव्हता. मी दरवर्षी येत होतो, धूळ पुसत होतो, आणि हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

डिझाइनं वाचली ती कारखानदारांमुळे. जकार्डच्या कंट्रोलरला फाइल पेन ड्राइव्हने देतात, आणि ते पेन ड्राइव्ह कोणी पुसत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सात कारखान्यांत अण्णा स्वतः स्कूटरवर फिरले. खिळ्याला टांगलेले, ड्रॉवरमध्ये धाग्याच्या गुंत्यात सापडलेले, एक तर मुकादमाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. बहुतेक डिझाइनं परत आली. जी आली नाहीत, ती अर्धवट राहिलेली होती. अण्णा त्याबद्दल अजूनही बोलत नाहीत.

पहिला आठवडा: तात्पुरतं काय केलं

दोन गोष्टी लगेच केल्या. ८,००० रुपयांचा १ टीबीचा बाहेरचा एसएसडी आणला आणि मॅकची बाजू त्यावरून सुरू केली. जुना आयमॅक बाहेरच्या डिस्कवरून चालतो, आणि आतल्या थकलेल्या डिस्कपेक्षा जोरात चालला. विंडोजला ही सोय सरळ मार्गाने मिळत नाही. म्हणून माझ्या दुकानात पडून असलेला एक साधा विंडोज पीसी अण्णांना नेऊन दिला, डोंगल लावलं, सॉफ्टवेअर टाकलं.

तेव्हा हे फक्त दिवस ढकलण्यासाठी होतं. पण प्रकरणाचा निकाल इथेच अर्धा लागला होता, आम्हाला कळला उशिरा. पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, "ह्या डबड्यावर पण टिंब टिंबच दिसतंय की." आयमॅकचा ५के पडदा ५१२० बाय २८८० टिंबांचा. ज्याला एकेक टिंब मोठं करून मोजायचंय, त्याला तो पडदा आठ वर्षं उगाचच मिळाला होता.

कोणते पर्याय होते

दुरुस्ती. सगळ्यात स्वस्त. काच कापून उघडायची, आत एसएसडी बसवायचा, नव्या चिकटपट्टीने काच पुन्हा लावायची. गावातल्या एकाने १३,५०० सांगितले, पण काचेला तडा गेला तर जबाबदारी तुमची. म्हणून मुलगी आणि मी आयमॅक चादरीत गुंडाळून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालो. साडेनऊ किलोच्या आसपासचं यंत्र मांडीवर घेऊन चार तास, आणि डब्यातला प्रत्येक जण विचारतोय, टीव्ही किती इंची आहे. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नीट समजावून सांगितलं. विक्री बंद होऊन पाच वर्षं झालेलं यंत्र ॲपलच्या नियमात 'व्हिंटेज' ठरतं, सात वर्षांनी 'ऑब्सोलीट'. हे मॉडेल २०१९ मध्ये बंद झालं, म्हणजे भाग असेल तर मिळेल, नसेल तर नाही.

पैशापेक्षा मोठी अडचण आयुष्याची होती. २०१७ चा आयमॅक मॅकओएसच्या व्हेंच्युरा या आवृत्तीवर थांबलेला. ॲपल साधारणपणे शेवटच्या तीन आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या देतं, म्हणजे नवीन आवृत्ती आली की व्हेंच्युरा बाहेर. दुसऱ्या बाजूला विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, आणि इंटेल मॅकवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. एका यंत्राची दोन्ही आयुष्यं एकाच पावसाळ्यात संपत होती.

नवा आयमॅक. मुलीचं मन इथे होतं. एम४ या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा २४ इंची आयमॅक तेव्हा १,३४,९०० पासून. रॅम आणि डिस्क जरा बरी घेतली तर दोन लाखांच्या घरात. २७ इंची आता येत नाही, तो मार्च २०२२ मध्ये बंद झाला. पण खरी गोची वेगळी होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ आणला आणि स्वतःच्या प्रोसेसरकडे वळलं, आणि त्या प्रोसेसरच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज चालतं, पण ते एआरएमचं, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज. साधे प्रोग्रॅम त्यात भाषांतर होऊन चालतात, पण जोडलेली उपकरणं चालवणारे इंटेलचे ड्रायव्हर चालत नाहीत. डोंगलचा ड्रायव्हर एआरएमसाठी आहे का, असं जकार्ड सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून विचारलं. नाही म्हणाले.

म्हणजे दोन लाख घालूनही अण्णांचं काम त्यावर होणार नव्हतं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग हे माझ्या पैशाचं, पण माझं नाही." मुलगी गप्प बसली.

ब्रँड सोडून देणं. अण्णांचा पहिला कौल हाच. दोन विंडोज पीसी: अण्णांना पडद्यासकट ५८,००० चा, मुलीला रंगकामाला चालेल असा ७२,००० चा. एकूण १,३०,०००. ॲडोबीचं वर्गणीवालं सॉफ्टवेअर मॅकवरून विंडोजवर हलवता येतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. शिवाय गावातले बहुतेक छपाईवाले कोरल ड्रॉवर, तेही विंडोजवर. फाइल देवाणघेवाण उलट सोपी झाली असती.

वाटणी. अण्णांना तोच ५८,००० चा पीसी, मुलीला मॅक मिनी, म्हणजे पडदा नसलेला छोटा मॅक. एम४ चा मिनी, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी डिस्क, तेव्हा ५९,९००. वर २७ इंची ४के मॉनिटर २७,५००. बाहेरचा एसएसडी मेमध्येच घेतलेला, ते ८,००० धरले तर मुलीचे ९५,४००. दोघांचे मिळून १,५३,४००. कीबोर्ड-माउस जुन्या आयमॅकचेच.

निर्णयाची वेळ

पंधरा दिवस घरात वाद चालला, आणि दोघंही बरोबर बोलत होते. कारण दोघं वेगवेगळ्या यंत्राबद्दल बोलत होते. अण्णा म्हणत, महाग आहे. ते त्यांच्या कामापुरतं शंभर टक्के खरं. मुलगी म्हणे, सोय आहे. ते तिच्या कामापुरतं खरं. आठ वर्षं एकच डबा असल्यामुळे सोय एकीची आणि खर्च दुसऱ्याचा, हे कोणाला दिसलंच नव्हतं.

मी मुलीला एक काम दिलं. आठवडाभर, ॲपलला ॲपल जोडल्यामुळे वेळ वाचला की कॅलेंडरच्या पाठीमागे एक रेघ मार. मला वाटलं होतं पान भरेल. एअरड्रॉपच्या रेघा खरंच खूप निघाल्या. नमुन्याच्या दोन दिवसांत साठाच्या वर फोटो आयफोनवरून सरळ मॅकवर गेले. हेच व्हॉट्सॲपने पाठवले की फोटो दबतात. एकदा तसल्या फोटोवरून मोरपंखीचा निळा झाला होता आणि लेबलं परत छापावी लागली होती. फोनवर कॉपी करून मॅकवर पेस्ट अकरा वेळा. नोट्स तीनदा. मॅकवरून फोन उचलणं, घड्याळाने कुलूप उघडणं, जाहिरातीत ज्यावर भर असतो ते सगळं: शून्य. तिचा स्वतःचा अंदाज, आठवड्याला पाऊण तास वाचतो. राहिली बोटांची सवय. ती सोय नाही, पण तिचीही किंमत असते. विंडोजवर गेली असती तर पहिला महिना ती अडखळली असती.

मग कागदावर वजाबाकी केली. सगळं सोडलं तर १,३०,०००. वाटणी केली तर १,५३,४००. फरक २३,४००. पाच वर्षांत वाटला तर महिन्याला ३९० रुपये. भांडण दोन लाखांवरून चाललं होतं आणि प्रश्न निघाला ३९० चा. महिन्याला तिचे तीन तास वाचत असतील तर हा सौदा अण्णांनाही महाग वाटेना. "एवढंच होतं तर पंधरा दिवस काय करत होतो?" एवढंच म्हणाले.

त्याच सुमारास, ९ जून २०२५ ला, ॲपलने जाहीर केलं की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असेल. आमचा आयमॅक त्या यादीत तसाही नव्हता. पण मुलीचा दुरुस्तीचा शेवटचा मोह त्या बातमीने सुटला.

बिलावरून एक छोटा पेच झाला. मुलीचा चुलतभाऊ कॉलेजात आहे, त्याच्या नावावर विद्यार्थी सवलतीत मिनी ४९,९०० ला मिळत होता. सवलत विद्यार्थ्यासाठी असते, स्टुडिओसाठी नाही, हे एक. दुसरं, फर्मच्या नावावर ५९,९०० चं बिल घेतलं तर त्यातला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,१३७ रुपये, क्रेडिटमध्ये परत मिळतात. पडतं ५०,७६३. भावाच्या नावावर घेऊन वाचणार होते ८६३ रुपये, आणि यंत्र फर्मच्या वहीत दिसलंच नसतं. अण्णांनी त्या विषयावर एक मिनिटसुद्धा घालवला नाही.

मिनीची डिस्क किती घ्यायची, यावर मी ठाम होतो. २५६ ची ५१२ करायला ॲपल तेव्हा २०,००० घेत होतं, आणि १ टीबीचा बाहेरचा एसएसडी ८,००० ला आपल्या हातात होता. २५६ घ्या, म्हटलं. पीसीच्या रॅमबद्दलही ठाम: १६ जीबीची एकच पट्टी टाकू, दुसरी खाच मोकळी ठेवू, लागेल तेव्हा टाकू. २०१९ ची ती वीस मिनिटं माझ्या डोक्यात होती.

पुढे काय झालं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही यंत्रं बसली. पहिला फायदा कोणीच हिशेबात धरला नव्हता: दोघं एकाच वेळी काम करू लागले. अण्णा आता दुपारीसुद्धा बसतात, आणि मुलीला सकाळी बाजारात वेळ काढत फिरावं लागत नाही. आठ वर्षं हे यंत्र अर्धा दिवस एकाला थांबवत होतं, आणि त्याला आम्ही एकत्रित सोय म्हणत होतो.

मिनी वीज फार कमी खातो, जास्तीत जास्त ६५ वॅट. घरच्या इन्व्हर्टरवर मॉनिटरसकट आरामात निघतो. लाइट गेली तरी मुलीचं काम थांबत नाही.

मॉनिटरवर मुलगी नाराज आहे, आणि तिचं चुकत नाही. २७ इंचात ५के म्हणजे इंचाला २१८ टिंबं, ४के म्हणजे १६३. जोडाक्षरं आणि वेलांट्या पूर्वीइतक्या कातीव दिसत नाहीत. ॲपलचा ५के मॉनिटर, स्टुडिओ डिस्प्ले, तेव्हा १,५९,९०० चा होता, तो विषय कोणी काढलाही नाही. जुन्या आयमॅकचाच पडदा नव्या मिनीला जोडू, असं तिने विचारलं होतं. २०१४ च्या मध्यापर्यंतच्या आयमॅकला ती सोय होती, ५के आल्यापासून नाही. एवढा सुंदर पडदा समोर असून तो परक्याचा.

माझा पहिला चुकलेला सल्ला ऑक्टोबरात उघडा पडला. कॅटलॉग ऐन रंगात असताना २५६ ची डिस्क भरली. कामाच्या फाइली बाहेरच्या एसएसडीवर होत्याच, पण मेल, फोटोंची लायब्ररी, ॲडोबीची तात्पुरती फाइल, फोनचा बॅकअप हे सगळं न विचारता आतल्या डिस्कवरच जातं. एक पूर्ण दिवस हलवाहलवीत गेला, आणि अजूनही तिला दर पंधरवड्याला झाडलोट करावी लागते. २०,००० वाचवले हे बरोबर, पण त्यासोबत तिला एक काम लावून दिलं, ते मी सांगितलं नव्हतं.

दुसरा सल्ला डिसेंबरात. अण्णांना मोठ्या रिपीटची डिझाइनं एकदम चारपाच उघडी ठेवायची होती, म्हणजे ती दुसरी रॅमची पट्टी. तोवर जगभर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले होते. 'लागेल तेव्हा टाकू' याचा अर्थ 'तेव्हा जो भाव असेल त्या भावाने टाकू' असा असतो, हे मी आता गिऱ्हाइकांना आधी सांगतो. रॅमच्या किमतीवरून ॲपलला नावं ठेवताना मी हल्ली आवाज थोडा खाली ठेवतो.

धंद्याकडूनही एक उत्तर आलं. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, आणि अण्णांच्या एका निर्यातदार कारखानदाराने नवे नमुने दोन महिने थांबवले. दोन लाखांच्या आयमॅकचे हप्ते तेव्हा चालू असते तर ते महिने जड गेले असते.

वेगळं काय करता आलं असतं

खरा निर्णय मे २०२५ चा नव्हताच, तो नोव्हेंबर २०२० चा होता. एम१ आला त्या दिवशी ठरलं होतं की या आयमॅकनंतर दोन्ही कामं एका यंत्रावर राहणार नाहीत. साडेचार वर्षं हातात होती. तेव्हाच अण्णांचं काम एखाद्या साध्या पीसीवर हलवलं असतं, तर आयमॅक मुलीकडे शांतपणे म्हातारा झाला असता आणि अर्धवट डिझाइनं गेली नसती. मला ती बातमी माहीत होती. मी ती वेग किती वाढला अशी वाचली. बूट कॅम्प गेला म्हणजे माझ्या कुठल्या गिऱ्हाइकाचं काय गेलं, असा विचार केला नाही.

रेघा मारायचं काम पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. आम्ही आधी पर्यायांच्या किमती काढल्या आणि मग सोय मोजली, त्यामुळे पंधरा दिवस हवेत गेले. आणि रेघा अण्णांनीही मारायला हव्या होत्या. त्यांचं पान कोरं निघालं असतं, आणि ते कोरं पान समोर असतं तर आम्ही चादरीत यंत्र गुंडाळून पुण्याला गेलोच नसतो.

डिस्कच्या बाबतीत माझं मत आजही डळमळतं. रोज बसून काम करणाऱ्याने ५१२ घ्यावी असं कधी वाटतं, आणि मग २०,००० चा आकडा आठवतो. मुलीला विचारलं, पुन्हा घेतलास तर काय घेशील? म्हणाली ५१२. अण्णा म्हणाले २५६, झाडलोट करायला काय जातं.

जुना आयमॅक कोपऱ्यात आहे, वर टॉवेल टाकलेला. त्याची काच काढून, बाजारात मिळणारा ड्रायव्हर बोर्ड लावून पडद्याचा मॉनिटर करायचा, असं मुलीच्या मनात आहे. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी गेलो तेव्हा तिने त्यासाठी माझ्याकडे अंदाज मागितला. अण्णा आतून म्हणाले, आधी त्याला यूपीएसची बॅटरी बदलायला सांग. नवी बॅटरी मी जुलैत घातली आहे, आणि पुढच्या बदलाची तारीख मार्करने तिच्यावरच लिहिली आहे. अण्णांनी ती वाचली नव्हती, कारण यूपीएस भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.